आटलेली वीत

माझी दोन वर्षांची लेक चेतना झोपली की मला जेमतेम पाऊण तास मिळतो. त्या पाऊण तासात ऑक्टोबरमध्ये मी नाहूरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ढोबळी मिरचीची चाळीस रोपं लावली. बेत सासऱ्यांचा. नानांचा जन्म जालन्याकडच्या शेतात गेला. इथे फ्लॅटमध्ये त्यांना करमत नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध म्हणाले होते, "जानेवारीच्या मीटिंगपर्यंत मिरच्या दाखवा, नाहीतर गच्चीला कुलूप."

महिन्याभरानं नानांचा गुडघा बरा झाला आणि ते वर आले.

"सपना, दोन वीत अंतर सांगितलं होतं ना?"

"ठेवलंय की."

"या टोकाला आहे. त्या टोकाला जाईस्तोवर तुझी वीत आटली का गं?"

आटलीच होती. वाफा संपत आला, रोपं संपेनात. टाकवेनात म्हणून मी फटीफटीत कोंबली होती.

"दाटीतली मधली मधली काढ."

"नाना, सगळी टवटवीत आहेत! चाळीस झाडं म्हणजे जास्त मिरच्या ना?"

"झाडं खायचीत का मिरच्या? एकमेकींच्या तोंडचा घास काढतायत. वारा खेळला नाही तर फळ लिंबाएवढं, तेही सडकं."

मी रडकुंडीला येऊन वीस रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढली. पण फेकली नाहीत. तेलाच्या, आइस्क्रीमच्या डब्यांत लावून एकेका दारात ठेवली.

"मला कशाला?" अनिरुद्ध ओरडले. "माझ्याकडे कॅक्टससुद्धा मरतो, यार!"

जानेवारीत वाफ्यातल्या झाडांना मुठीएवढ्या, जाड सालीच्या मिरच्या लटकल्या. नानांनी टोपलीभर मीटिंगला नेल्या. गच्चीचा विषय निघाला तशा तिसऱ्या मजल्यावरच्या नीलाकाकू उठल्या.

"माझ्या डब्यात एकच आली, तीही एवढुशी. खिडकीत ऊनच नाही. नाना, वर जागा आहे का हो?"

"माझ्या दोघींना पण," अनिरुद्ध हळूच म्हणाले. "म्हणजे... दोन मिरच्या आल्यात."

हशा पिकला. कुलपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"जागा आहे," नाना म्हणाले, "पण अंतर मी मोजणार. सूनबाई नाही."

रविवारी वीस डबे वर चढले. नाना वितीनं मोजून ओळ लावत होते, एवढ्यात चेतना माझ्या हातून सुटली आणि दोन डब्यांमधून, एकही पान न हलवता, पलीकडे धावली.

नानांनी हातांची माती झटकली. "बघ. हे माप."