नागिणीच्या दारातली रेघ

तीन आठवड्यांची सुट्टी काढून म्हाळसाबाई फुलंब्रीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परत कामावर आली त्या सकाळी आनंदबनच्या फाटकातून आत शिरताना तिला वाटलं, आपण भलत्याच कुणाच्या दारात आलो.

वेरूळच्या रस्त्याला, दौलताबादच्या अलीकडं असलेल्या या बागेत ती अकरा वर्षं कामाला होती. त्याआधी याच माळावर तिचा नवरा कडूबा मेंढरं चारायचा. बाग सुरू झाली तेव्हा चार पाळणे, एक छोटी गाडी आणि लिंबाची झाडं एवढाच पसारा होता. लोक घरून भाकरी बांधून आणत, झाडाखाली सतरंजी टाकत आणि पोरं मन भरेपर्यंत पाळण्यात बसत. मग कुणीतरी मोबाइलवर इथले व्हिडिओ टाकले. लेणी बघून परतणाऱ्या बसगाड्या इकडं वळायला लागल्या, जालना-बीडच्या शाळांच्या सहली यायला लागल्या. जुन्या मालकांचं वय झालं, त्यांनी येणं सोडलं आणि पुण्याहून आकाश नावाचा तरुण मॅनेजर आला.

या तीन आठवड्यांत तर सगळीच उलथापालथ झाली होती. लिंबाखालची माती जाऊन तिथं लाल-करडे सिमेंटचे ब्लॉक बसले होते. रांगांसाठी स्टीलचे कठडे लागले होते. बाहेरून येणाऱ्यांना घरचा डबा आत न्यायला बंदी. झाडलोटीला ठेकेदाराची माणसं. जिकडंतिकडं कॅमेरे.

म्हाळसाबाईचं काम मात्र तेच होतं, ‘नागीण’च्या दारात उभं राहायचं. नागीण म्हणजे वळणावळणाच्या रुळांवरून सुसाट धावणारी छोटी गाडी. बागेत सगळ्यात लाडकी तीच. तिच्या दारात एका उंच फळीवर जिराफ रंगवलेला होता आणि जिराफाच्या मानेवर चार फुटांची लाल रेघ. पोराचं डोकं रेघेला लागलं तर आत, नाहीतर परत. ठेंगणं पोर गाडीतल्या लोखंडी दांड्याखालून निसटू शकतं, म्हणून ही रेघ. म्हाळसाबाईनं अकरा वर्षांत किती रडकी पोरं परत पाठवली याचा हिशेब नव्हता. आयांच्या शिव्याही तिनं खाल्ल्या होत्या, पण रेघ सोडली नव्हती.

त्या दिवशी दुपारी जरा उसंत मिळाली तशी ती सवयीनं फळीला टेकली आणि चमकली. ही रेघ तिच्या खांद्याच्या हाडाला लागायची. आज ती पार काखेशी होती. तिला वाटलं, नव्या चपलांमुळं असंल. तिनं चपला काढल्या. रेघ काखेशीच.

जिराफ नवा रंगवला होता. पिवळा रंग अजून चमकत होता.

“साकिब, ह्यो जिराफ कुणी रंगवला रं?” तिनं गाडी चालवणाऱ्याला हाक दिली.

साकिब शहरातल्या छावणीतला. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत, त्याचाही हात चांगला होता. सहा वर्षं तो नागीण चालवत होता आणि म्हाळसाबाईला मावशी म्हणत होता.

“मीच. पोरांनी हात लावून लावून पार काळा केला था.”

“अन् रेघ?”

“रेघेचं काय?” असं म्हणून तो यंत्राकडं वळला. रांगेतून शिट्ट्या येत होत्या, त्याला घाई होती. पण म्हाळसाबाईच्या मनानं एवढंच टिपलं की बोलताना त्यानं आपल्याकडं बघितलं नाही.

मग तिला एकेक दिसायला लागलं. आकाश सरांनी कामगारांच्या खोलीत एक पांढरा फळा लावला होता. कुठल्या राइडनं दिवसात किती फेऱ्या केल्या ते त्यावर रोज लिहिलं जाई. आधी नागीण तळाला असायची, कारण मापात न बसणारी पोरं परत जात आणि रांग अडखळे. आता नागीण सगळ्यात वर होती. सोमवारच्या बैठकीत साकिबसाठी टाळ्या वाजल्या. तो खाली बघून हसला. ते हसणं तिला बरं वाटलं नाही. मात्र ती कुणाला काही बोलली नाही. अकरा वर्षांत आपलंच शरीर वाकलं असंल, नजर अधू झाली असंल, असंही तिला वाटायचं. पन्नाशी कधीच मागं पडली होती.

रविवारी गर्दीचा कहर होता. उस्मानपुऱ्याची एक बाई आपल्या ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीला घेऊन आली. म्हाळसाबाईनं दोघींना लगेच ओळखलं. दिवाळीच्या सुट्टीत हीच पोर रेघेला चांगली तीन बोटं कमी पडली होती आणि जिराफाला मिठी मारून रडली होती.

“आज बघा, मावशी,” आई हसत म्हणाली. पोर फळीला पाठ लावून उभी राहिली. डोकं रेघेच्या वर गेलं.

म्हाळसाबाई थबकली. तीन-चार महिन्यांत एवढी? मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, सोडा ना लवकर!” कठड्यात माणसं दाटली होती. रेघ तर हो म्हणत होती. तिनं पोरीला सोडलं.

तिसऱ्या वळणावर किंचाळी ऐकू आली. ज्ञानेश्वरी दांड्याखालून घसरली होती. दोन्ही हातांनी दांडा धरून ती अर्धी खाली लोंबत होती. साकिबनं ब्रेक ओढला. गाडी गचके खात थांबली. तो रुळांवरून धावत गेला आणि त्यानं पोरीला उचलून आणलं. ओठ फुटला होता, हनुवटी सोलली होती, बाकी काही नाही. आईनं पोरीला छातीशी धरलं. साकिबचा चेहरा पांढरा पडला होता. म्हाळसाबाईनं त्याचे हात बघितले. नखांच्या कडांना अजून पिवळा रंग होता.

आपण तिला सोडलं, हे तिला सहन होत नव्हतं. म्हणून तो राग दुसऱ्या कुणावर तरी टाकणं तिला सोपं गेलं.

नाचणाऱ्या बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईकडून तिनं टेप मागून आणली. आकडे तिला वाचता येत होते. जमिनीपासून रेघेपर्यंत चव्वेचाळीस इंच भरले. हवे होते अठ्ठेचाळीस. तिनं तीनदा मोजलं.

जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये सगळे डबे उघडून बसले होते. ती साकिबसमोर जाऊन उभी राहिली.

“चार इंच कुठं गेलं, साकिब?”

“कसले चार इंच?”

“रेघेचं. तू रंग दिला अन् रेघ खाली आणली. फळ्यावर नाव वर जावं म्हणून. आज ती पोर मेली असती.”

शेडमधल्या माना वळल्या. साकिबच्या हातातला घास हातातच राहिला.

“मावशी, मैं रेघ को हात बी नै लगाया. कागदाची पट्टी चिकटवून रेघ झाकली आणि मग बाजूनं रंग दिला. रेघ जिथं होती तिथंच आहे.”

“मंग सगळ्या गावाची पोरं एकदम वाढली व्हय?”

त्यानं तिच्याकडं बघितलं. डबा बंद केला आणि उठून गेला. एकानंही त्याची बाजू घेतली नाही. म्हाळसाबाईला वाटलं, खरं बोललं की माणूस असाच उठून जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाग उघडायच्या आधी, सांडू मिस्त्री नागीणच्या दारात बसला होता. इथले सगळे ब्लॉक त्यानंच बसवले होते. फळीजवळचा एक ब्लॉक दबला होता, तो काढून त्याला नीट बसवायचा होता. त्यानं पहारीनं ब्लॉक उचलला, खालची दगडाची कच हातानं बाजूला केली. म्हाळसाबाई सहज बघत होती.

फळीच्या तळाशी, खड्ड्यात, दोन काळे खूर दिसले.

ती खाली बसली. जिराफाचे खूर. अकरा वर्षं तिचा झाडू रोज याच खुरांवरून फिरला होता. सुट्टीवरून आल्यापासून झाडू ठेकेदाराच्या माणसांच्या हातात गेला होता, आणि ती फक्त रेघेकडं बघत राहिली होती. जिराफाला पाय किती उरलेत, ते तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

“सांडू, हे खूर गाडले कुणी?”

“गाडले नाय. जमीन वर आली. कच अन् ब्लॉक मिळून चार इंच भर झाली. फळी हाय तिथंच ऱ्हायली.” तो हात झटकत म्हणाला. “म्या सायबाला इचारलं व्हतं, फळी बी चार इंच वर घेऊ का म्हनून. ते म्हनले, राहू द्या, बघू नंतर.”

ती उठून यंत्राच्या खोलीकडं गेली. साकिब साखळीला तेल घालत होता.

“साकिब, रेघ जिथं व्हती तिथंच हाय,” ती म्हणाली. “जमीन वर आली. म्या चुकले.”

तो बाहेर आला, गुडघ्यावर बसला, ब्लॉक बसायच्या आधी आपणच काळ्या केलेल्या खुरांवरून त्यानं बोट फिरवलं. मग आत गेला आणि यंत्राची किल्ली काढून त्यानं खिशात टाकली.

बाग उघडली. रांग भरली. शिट्ट्या सुरू झाल्या. अर्ध्या तासात आकाश सर आले.

“नागीण का बंद आहे?”

साकिबनं खड्ड्याकडं बोट केलं. आकाश सर वाकले, बघितलं आणि पटकन सरळ झाले. “अरे बापरे. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.”

“सांडू म्हनतो, तुमाला इचारलं व्हतं,” म्हाळसाबाई म्हणाली.

आकाश सरांनी सांडूकडं नुसतं बघितलं. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. पोहण्याच्या तलावाभोवतीचे ब्लॉक अजून बसवायचे होते, आणि ते काम कुणाला द्यायचं ते सरांच्या हातात होतं.

“इचारलं असंल,” सांडू जमिनीकडं बघत म्हणाला. “का नुसतं मनात आलं व्हतं, आता ध्यानात नाय, सायेब.”

“बघा,” आकाश सर म्हणाले. “चला, फळी वर घ्या. आत्ताच.”

बारा वाजेपर्यंत फळी चार इंच वर गेली. जिराफाच्या खुरांना पुन्हा ऊन लागलं. पहिल्या तासातच अकरा पोरं परत गेली. जालन्याहून आलेला एक बाप तावातावानं म्हणाला, “मागच्या आठवड्यात हा दोनदा बसलाय! आता काय झालं?”

“मागच्या आठवड्यात आमची चूक झाली व्हती, दादा,” म्हाळसाबाई म्हणाली. “पोरगं घरी धडपणी गेलं, देवाची कृपा समजा.”

आकाश सर कठड्यापलीकडं उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

पुढच्या सोमवारच्या बैठकीत त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. “मावशींची नजर बघा. अशी माणसं आपल्याला हवीत.” टाळ्या वाजल्या. मग ते म्हणाले, “अशा नजरेची खरी गरज फाटकावर आहे. उद्यापासून मावशी पिशव्या तपासतील.”

हा मान होता की शिक्षा, हे तिला कळलं नाही. विचारायला गेली तर ते हसून म्हणाले, “तिथं खुर्ची आहे, मावशी. सावली आहे. तुमच्या वयाला बरं.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

फाटकावर ती लोकांच्या पिशव्यांतून चिवडा, धपाटे, लोणच्याच्या बरण्या काढून ठेवायला लागली. नागीणच्या दारात एक नवी मुलगी आली. पंधरा दिवसांनी तलावाचं काम सुरू झालं. सांडू आपली हत्यारांची पिशवी घेऊन फाटकातून आत जाताना तिनं त्याला थांबवलं.

“इथं कुनी नाय. खरं सांग, इचारलं व्हतं का नाय?”

सांडूनं पिशवी तिच्यापुढं उघडी धरली. थापी, ओळंबा, दोरी. “तपासा ना मावशी,” तो म्हणाला. “मागं लोक खोळंबलेत.”

साकिब तिच्याशी वाईट वागला नाही. भेटला की मान हलवायचा, पण बोलायला थांबायचा नाही. महिनाभरानं एका संध्याकाळी दोघं रस्त्याला शहराच्या बसची वाट बघत उभे राहिले. दुसरं कुणीच नव्हतं.

“तू मला शिव्या दे,” म्हाळसाबाई म्हणाली. “चारचौघांत म्या तुला नको ते बोलले.”

“शिव्या कशाला देऊ? तुम्ही मला एकटं गाठून विचारायचं होतं.”

“इचारलं व्हतं की पहिल्या दिवशी. तू तोंड फिरवलं.”

“रांग होती, मावशी.”

एवढी साधी गोष्ट तिच्या मनात महिनाभर वेगळीच होऊन बसली होती. ती म्हणाली, “खरं सांगू? तू रेघेची समदी हकीकत सांगितली असती, तरी मला पटली नसती. म्या आधीच ठरवलं व्हतं.”

साकिबनं मान हलवली. दौलताबादच्या बाजूनं बसचे दिवे दिसायला लागले.

“अब किसपे शक है?” त्यानं विचारलं. आवाजात थोडं हसू होतं, थोडं नव्हतं.

म्हाळसाबाईनं मागं वळून बागेकडं बघितलं. कामगारांच्या खोलीच्या खिडकीत आकाश सर फळ्यावर दिवसाचे आकडे लिहीत होते.

“नाव नाय घेत,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा चुकायची माझी तयारी नाय.”

बस थांबली. तिनं हाताचा आधार मागितला नव्हता, तरी साकिबनं तो पुढं केला. ती चढली आणि खिडकीजवळ बसली. शेजारची जागा मोकळी होती. साकिबनं ती जागा बघितली, क्षणभर थांबला आणि मग तिथंच बसला.