डावा खांदा

"डोळे मिटा मास्तर, आणि फक्त त्या संध्याकाळचं सांगा. ओळखपरेडचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या.

मास्तरांचा पारा चढला. उभा जन्म शिवणकामात गेला, गिऱ्हाइकाचं माप कधी चुकलं नाही, आणि ही कालची पोर त्यांना आठवायला शिकवणार! पण कोर्टानेच तिला नेमलं होतं. साक्षीदाराला खरंच किती आठवतंय हे तपासणं, हेच तिचं काम. नाइलाजाने त्यांनी डोळे मिटले.

"बायको दुकानाच्या पायरीवर उभी होती. कुणीतरी तिची पर्स हिसकावली. त्या हिसक्याने ती पायरीवरून पडली. मी मशीन सोडून धावलो."

"त्याचा चेहरा?"

"पळत होता हो तो. पाठ दिसली."

"मग परेडमध्ये चेहरा कसा ओळखलात?"

"ओळखीचा वाटला म्हणून! पोलीस साहेबसुद्धा म्हणाले, शाब्बास मास्तर, बरोबर ओळखलंत."

"ते शाब्बास म्हणायच्या आधी किती खात्री होती?"

"अहो, तेव्हापासून माझी बायको अंथरुणाला खिळलीय! खात्री नसायला काय झालं?" मास्तर तरातरा बाहेर पडले. खरं तर तो प्रश्नच त्यांना झोंबला होता.

कोर्टात सरकारी वकिलांनी आरोपी दाखवायला सांगितलं. पिंजऱ्यातला पोरगा उभा राहिला. त्याचा डावा खांदा उतरता होता.

मास्तरांच्या हातांना तो खांदा आधी आठवला. हा पोरगा दुकानात एकदाच आला होता, मुलाखतीसाठी कोट शिवायला. डावीकडे जास्तीचं पॅडिंग घालून त्यांनीच त्याची पाठ थोपटली होती, "आता कुणाच्या बापाला कळणार नाही बघ." परेडमध्ये ओळखीचा वाटला तो हाच चेहरा, दुकानातला.

मास्तर गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पोरगा तुरुंगात गेला असता आणि बायकोच्या जिवाला थंडावा मिळाला असता. ती बिचारी त्याच एका आशेवर दिवस काढत होती.

"हाच ना तो?" वकिलांनी दरडावून विचारलं.

"हा माझं गिऱ्हाईक आहे साहेब. याला मी दुकानात पाहिलंय. त्या चोराचं तोंड मी पाहिलंच नव्हतं. चुकलं माझं."

घरी चपला काढायच्या आतच पलंगावरून आवाज आला, "झाली का शिक्षा मेल्याला?"

मास्तरांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस मी भलत्याच्याच लेकराला शिव्याशाप दिले?"

"हो."

"तुमच्या शब्दावर?"

"माझ्याच."

"मग खरा कुठाय?"

"कुणास ठाऊक. आता नाही सापडायचा गं."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मास्तर पायथ्याशी बसले आणि रोजच्यासारखे तिचे पाय दाबू लागले. त्यांना रडू येत होतं, पण हात थांबवायचा धीर होत नव्हता.

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "जरा जोर लावून दाबा."