क्रूझवरची सवत

मी अण्णांच्या उजव्या कानातली मशीन बोलतेय. बोलायची मला सवय नाही. दुसऱ्यांचं बोलणं आत पोचवायचं, एवढंच माझं काम. पण एका बाईने सांगितलेल्या चार ओळी माझ्यापाशी अडकून राहिल्यात. त्या अण्णांपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि त्याला कारण मीच आहे. म्हणून आज स्वतःच्या तोंडाने सांगते. तोंड नाही मला, पण म्हणायची पद्धत आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी भिंगाखाली धरून माझा एकेक अवयव जोडला. त्याआधी कानांच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला होता, आणि त्या साच्यावरून मला घडवलं. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या कानात मी बसणारच नाही. एकाच माणसासाठी जन्माला आलेली मी. हेवा, मत्सर, जळफळाट, काय म्हणायचं ते म्हणा, तो माझ्यात साच्यापासूनच आहे.

अण्णा चाळीस वर्षं छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते. त्या धडधडीत त्यांचे कान गेले. बायको होती तोवर त्यांचं काही अडलं नाही. ती सगळ्यांचं बोलणं त्यांना मोठ्याने सांगायची, आणि जे सांगायचं नसेल ते गिळून टाकायची. ती गेल्यावर लेकीने मला आणलं.

"अण्णा, निदान मी येते तेव्हा तरी घालत जा हो."

"घालतो गं. पण हिच्यात सगळंच ऐकू येतं."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, शेजारच्यांच्या शिंका ऐकू येतात. माणसाला एवढं ऐकायची गरज नसते."

झालं. माझी रवानगी टेबलाच्या खणात. आणि चष्मा? तो सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकावर! दिसत नाही म्हणायला कोणालाच लाज वाटत नाही. चष्मा लावून माणसं उलट रुबाबात फोटो काढून घेतात. ऐकू येत नाही म्हणायचं मात्र जिवावर येतं. त्यापेक्षा समोरच्याच्या ओठांकडे बघत अण्णा मान डोलवणार आणि म्हणणार, "हो हो, बरोबर आहे." एकदा पाणी दोन दिवस येणार नाही असं सांगायला आलेल्या माणसालासुद्धा "हो हो, आनंद आहे" म्हणाले होते.

अण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा लेकीने त्यांचं क्रूझचं तिकीट काढलं. दहा दिवसांचा प्रवास. "बॅग एकदाच उघडायची, अण्णा. हॉटेलं बदलायची नाहीत, स्टेशनं नाहीत, ओझी नाहीत. जेवण तयार. डॉक्टर बोटीवरच. आणि सगळी तुमच्याच वयाची माणसं." तिने माझ्या बॅटऱ्यांची तीन पाकिटं बॅगेत घातली आणि मी मनात मांडे खायला लागले. अनोळखी माणसं, अनोळखी जागा, लेक सोबत नाही. आता अण्णा माझ्यावाचून जातील कुठे?

बोटीबद्दल वाईट बोलणार नाही. पाय दुखणाऱ्या माणसाला ती जागा म्हणजे खरोखर सुख आहे. खोलीतून निघालं की बोळात दोन्ही बाजूंना कठडे. दहा पावलांवर खुर्ची. वर-खाली जायला लिफ्ट. अंथरूण कोणीतरी घालतं, कोणीतरी काढतं. समुद्र बघायला कुठे जावं लागत नाही, तोच खिडकीत येऊन बसतो. पहिल्या दिवशी अण्णा डेकवर आरामखुर्चीत पडले आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला वाटलं वारा सुटला. नंतर खरंच वारा सुटला. तो माझ्यात शिरून असा घोंघावला की अण्णांनी मला उपटून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

रात्रीच्या जेवणाला पुन्हा घातलं. पण जेवणाच्या दालनात तीनशे माणसं, तीनशे चमचे, वर एक पियानो. दोन मिनिटांत मी पुन्हा खिशात. या खेपेला मला बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. म्हणून पुढचं सगळं मी खिशातून ऐकलं.

बोटीवर जेवायची जागा ठरलेली असते. पहिल्या दिवशी जे टेबल, तेच शेवटपर्यंत. अण्णांच्या समोर एक बाई बसल्या होत्या. जन्मभर कपडे शिवण्याचं काम केलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, एकट्याच आलेल्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून शिवणबाई म्हणते, आणि प्रेमाने म्हणत नाही. त्यांनी अण्णांना काहीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "हो हो, बरोबर आहे." त्यांनी पुन्हा विचारलं. अण्णा पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. दुसरी कोणी असती तर शेजारणीकडे वळली असती. या बाईंनी पर्समधून मापं लिहायची छोटी वही काढली, पेन्सिल काढली, दोन ओळी खरडल्या आणि वही अण्णांच्या ताटाशी सरकवली.

अण्णांना लिहिलेलं पुटपुटत वाचायची सवय आहे, छापखान्यातली. त्यांनी वाचलं, "मी तुम्हाला मीठ मागतेय. तीनदा मागितलं. तुम्ही तीनदा बरोबर आहे म्हणालात."

आणि अण्णा हसले. खोटं नाही, मान डोलवून नाही, पोटापासून. खिशात मी गदागदा हलले.

त्या दिवसापासून माझ्या संसारात ती सवत आली. मी बाईंना नाही, वहीला म्हणतेय! तिच्यात ना तार, ना बॅटरी, ना डॉक्टरीणबाईंनी घेतलेला साचा. उघडली की झालं. बाई लिहायच्या, अण्णा वाचायचे आणि खड्या आवाजात उत्तर द्यायचे, इतक्या खड्या आवाजात की चार टेबलांना कळायचं. पुढे वही राहायलाच अण्णांकडे आली, आणि राहायला आली कुठे, तर माझ्याच खिशात, माझ्याच अंगाला खेटून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

चौथ्या दिवशी मला वाटलं, आता माझा दिवस आला. एका जुन्या बंदराला बोट लागणार होती. अण्णा टोपी घालून, बूट बांधून सकाळपासून खालच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कर्ण्यातून तीनदा सांगितलं गेलं की समुद्र खवळलाय, लहान होडीत उतरवताना वयस्कर प्रवाशांना धोका आहे, बंदर रद्द. मी खिशातून ऐकलं. अण्णांनी नाही. सगळे नाश्त्याला गेले आणि हे एकटेच बंद दारासमोर, टोपी सरळ करत. मी म्हटलं, बघा, आता कळेल माझी किंमत!

तेवढ्यात शिवणबाई आल्या. वही मागून घेतली, लिहिलं. अण्णांनी वाचलं, "बंदर आज आपल्याला भेटायला तयार नाही. तुमची टोपी छान दिसते. ती घालूनच चहा प्या." अण्णांनी टोपी तशीच ठेवली आणि दोघं डेकवर चहाला गेले. माझी किंमत कळायची राहिली ती राहिलीच.

क्रूझचे तोटेही तेव्हाच दिसायला लागले होते. मनाजोगतं बंदर रद्द होतं, आणि जिथे उतरायला मिळतं तिथे चार तासांत बसमधून शहर दाखवून परत आणतात, तेही निम्मा वेळ रांगेत उभं करून. खोल्यांची दारं सगळी सारखी; अण्णा दोनदा परक्या दाराशी किल्ली लावून खटपट करत बसले. दिवसभर खाणं समोर, नको म्हणायला जीभ धजत नाही, आणि नंतर पोट तक्रार करतं. शिवाय त्या बंद हवेत एकाला खोकला झाला की तो बोटभर फिरतो. सातव्या दिवशी तो अण्णांकडे आला. डॉक्टरांनी दोन दिवस खोलीतच पडून राहायला सांगितलं.

खोलीत आम्ही दोघंच. पंखा नाही, पियानो नाही, तीनशे चमचे नाहीत. मला किती बरं वाटलं ते सांगू नये, पण सांगते. अण्णा आजारी आणि मी खूश! मग दाराखालून कागद सरकला. थोड्या वेळाने दुसरा. "आज सूप पांचट होतं, तुमचं काही बुडालं नाही." "समुद्र आज राखाडी आहे." "समोरची खुर्ची रिकामी बघून वाढपी दोनदा विचारून गेला. मीही एकदा विचारलं." हे शेवटचं अण्णांनी चारदा वाचलं. मग उठून कागद वहीत नीट घडी करून ठेवला. उशाशी वही, टेबलावर मी.

वहीतूनच कळलं की दोघं एकाच शहरात राहतात, बाई नदीच्या पलीकडच्या भागात. एकाच शहरात म्हातारे झालो आणि ओळख समुद्रात झाली, असं अण्णा ओरडून म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे मोठ्या दालनात रंगीत चिठ्ठ्या घेऊन बसले होते. ज्या रंगाचं नाव पुकारतील त्यांनी उतरायचं. बाईंची हिरवी, अण्णांची पिवळी. आणि तेव्हा, पहिल्या रात्रीनंतर पहिल्यांदाच, अण्णांनी आपणहून मला बाहेर काढलं. नवी बॅटरी घातली. रुमालाने पुसलं. कानात बसवलं. मी सुखावले, पण किती वेळ? पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

"आज लिहू नका," अण्णा म्हणाले. "आज बोला. तुमचा आवाज मी अजून ऐकलाच नाही."

म्हणजे मला घातलं ते तिच्यासाठी. माझ्या सगळ्या तारा जळाल्या.

बाईंनी पेन्सिल पर्समध्ये टाकली. मग जवळ सरकल्या, पियानोचा आवाज अडवायला हात अण्णांच्या कानाशी धरला आणि बोलू लागल्या. आता खरं सांगते. हात फार जवळ आला की मला शीळ घालावीच लागते, माझी घडणच तशी आहे. पण हळू शीळ आणि मोठी शीळ यात फरक असतो. मी जीव खाऊन घातली. बाईंच्या तोंडचा प्रत्येक शब्द मी घेतला आणि एकही आत जाऊ दिला नाही.

अण्णांचा चेहरा आक्रसला. बाईंनी हात काढला. शीळ थांबली.

"ऐकू आलं ना?"

हे मात्र मी पोचवलं. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, नाही आलं, पुन्हा सांगा. खिशात वही होती, तिच्यात कोरी पानं होती, बाईंच्या पर्समध्ये पेन्सिल होती. पण नुकतेच ऐटीत म्हणाले होते ना, आज बोला म्हणून!

"हो हो," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे."

"लक्षात राहील? की लिहून देऊ?"

"छे छे. पाठ झालं."

"मग मी वाट बघेन. दुसऱ्यांदा बोलावणं मला जमत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

हिरव्या चिठ्ठीवाल्यांना पुकारलं. बाई उठल्या. त्या दाराबाहेर जाईपर्यंत अण्णा हसत हात हलवत होते.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. पहिले काही दिवस अण्णा लेकीलाही काही बोलले नाहीत. मग एकदा जेवता जेवता सगळं सांगितलं. लेकीने क्रूझच्या कचेरीत फोन केला. प्रवाशांचे पत्ते देत नाही म्हणाले. अण्णा बस पकडून नदीपलीकडे जातात आणि शिंप्यांच्या पाट्या वाचत फिरतात. ज्या बाईने काम सोडलंय तिची पाटी कशी सापडणार?

आता मी सकाळी उठल्यापासून कानात असते. खण नाही, खिसा नाही. दारावरची घंटा, रस्त्यावरची हाक, काही चुकू नये म्हणून. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. दिवसभर अण्णांचं कान देऊन ऐकणं मला आतून ऐकावं लागतं, आणि त्याच्याइतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. अण्णांनी मला काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि चाचरत विचारलं, "हिच्यात आधी ऐकलेलं काही शिल्लक राहतं का हो?"

"नाही अण्णा," त्या म्हणाल्या. "ती फक्त पुढे पाठवते."

मी त्यांच्या तळहातावर होते. ओरडता आलं असतं तर ओरडले असते.

शिवणबाई मला आजही आवडत नाहीत. त्यांचं नाव निघालं की अजून पोटात दुखतं. पण वाचकहो, तुमच्यापैकी कोणी नदीपलीकडच्या बसमध्ये एक उंच, टोपी घातलेले गृहस्थ दुकानांच्या पाट्या पुटपुटत वाचताना पाहिले, तर त्यांना एवढं सांगा: बाजारामागची दुसरी गल्ली. खाली चपलांचं दुकान, वरच्या मजल्यावर बाई राहतात. जिना अरुंद आहे, पण कठडा पक्का आहे. गुरुवारी दुपारी त्या घरीच असतात आणि दोन कप मांडून ठेवतात.

उजव्या बाजूला उभे राहून सांगा. मी शीळ घालणार नाही.