हवेतले साडेनऊ तास

"तू विमानाचे तास मोजतेस. आईंचे मोज," वहिनी फोनवर म्हणाली होती. महिनाभर थांब, मी रजा काढून त्यांच्यासोबत येते, असंही म्हणाली होती. आईंच्या लेकीनं ते कानाआड केलं. तिकिटांच्या ऑफिसात सहा वर्षं घासलेल्या नणंदेला वहिनीनं प्रवास शिकवायचा म्हणजे जरा अतीच होतं.

ऑफिसातली रीतच तशी होती. गिऱ्हाइकाला हवेतले तास सांगायचे, जमिनीवरचे त्यानं खोदून विचारले तरच. आईचं गाव आणि परदेशातलं तिचं शहर यांतलं अंतर सात हजार चारशे किलोमीटर, हवेत साडेनऊ तास. थेट विमान नाहीच. मधल्या विमानतळावरचे सात तास, दोन्हीकडचे रस्ते आणि रांगा धरून दारापासून दारापर्यंत पंचवीस. आईला तिनं साडेनऊच सांगितले. बाळ तीन महिन्यांचं, रडून घर डोक्यावर घेणारं, आणि तिला आई हवी होती, ताबडतोब.

आईसाठी तिनं एक कागद लिहून पाठवला होता, गिऱ्हाइकांना देतात तसाच. चौथी ओळ होती: दुसऱ्या विमानाचं दार सापडलं की समोर बस, तिथून उठू नकोस.

आई यायच्या दिवशी बाळाला खांद्यावर टाकून ती विमानतळावर मोबाइलमध्ये विमान बघत होती. विमान कुठवर आलं हे मिनिटामिनिटाला ठाऊक होतं. आई बाहेर आली तेव्हा पाय सुजून बुटांत मावत नव्हते. हिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, किती गं उशीर, बाळ भुकेजलंय.

दुसऱ्या दिवशी आईला सणकून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, प्रवासात किती वेळ अडवून धरली होती?

आईनं आधी लेकीकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. "तिथले सात तास. मग विमानातले सहा. खिडकीची जागा होती, शेजारचे दोघं झोपलेले. पाणीच प्यायले नाही म्हणजे प्रश्न मिटला."

"सात तास तरी का बसून राहिलात?"

"हिनं लिहिलं होतं, उठू नकोस. रोज माणसं विमानात बसवते ती. तिला माहीत असणार."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिला विचारलं, काय करता तुम्ही? ती म्हणाली, ऑफिसात असते. कसलं ऑफिस ते तिच्या जिभेवर येईना. परतताना टॅक्सीत आई गमतीनं म्हणाली, एक ओळ चुकवली नाही बघ, पास की नापास? तिनं बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं.

वहिनीला तिनं आईला थंडी बाधली म्हणून सांगितलं. खरं सांगायला तिला पाच दिवस लागले. वहिनी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, आता कशा आहेत?

आई आज परत निघाली आहे. बाळाचा पासपोर्ट अजून झालेला नाही, त्यामुळे सोबत जाता येत नाही. तिकडच्या विमानतळावर वहिनी उभी राहील, इकडे ती स्वतः होती. मधल्या सात तासांत मात्र कुणी नाही. तुमच्यापैकी कुणी आज विमान बदलायला तिथे उतरणार असाल, आणि दारासमोर एक ठेंगणी बाई मांडीवर पिशवी धरून ताठ बसलेली दिसली, तर जरा शेजारी बसा. पाणी प्यायलात का, विचारा. पिशवी मी बघते, तुम्ही जाऊन या, म्हणा. ती नको म्हणेल. पुन्हा विचारा.