कार्बोरेटरवरचा गुलाबी सात

आमच्या ड्वेनला जुन्या लोखंडाचं वेड आणि मला ड्वेनचं. म्हणून तर बावीस वर्षं मी दर सप्टेंबरात थर्मासभर कॉफी घेऊन मॅन्सफील्डच्या मैदानावर चिखल तुडवत होते. तिथे दोन दिवस जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो.

गाडी आमची एकोणसत्तर सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ, ड्वेनने लग्नाआधी नवी कोरी घेतलेली. तिचे हरवलेले सगळे भाग आम्ही कुठून कुठून गोळा केले. एक दिवा तर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. अडलं होतं फक्त कार्बोरेटरसाठी. नवा हवा तेवढा मिळतो हो, पण या जुन्या गाड्यांच्या वेड्यांना तो चालेल तर शप्पथ! त्यावर नंबर बरोबर हवा, तारीखही बरोबर हवी. गाडी फेब्रुवारीअखेर बनली, तर कार्बोरेटर त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांतला पाहिजे. गाडीपेक्षा एका दिवसाने जरी धाकटा निघाला, तरी मंडळी नाक मुरडतात.

आता खरं सांगते. मूळचा कार्बोरेटर कुठे गेला, हे जगात एकट्या मला माहीत होतं.

तरुणपणी ड्वेनला गाडी पळवायची हौस. तेव्हा त्याने तो काढून जास्त दांडगा बसवला आणि जुना गॅरेजात टाकून दिला. एक्याण्णव साली मी अंगणात अडगळीची विक्री मांडली, त्यात तोही ठेवला. तेलकट लोखंडाला किमतीची चिठ्ठी चिकटेना, म्हणून सरळ नखांच्या गुलाबी रंगाने त्यावर सात काढला. माझ्या पोलिश आजीने शिकवलेला, मधे आडवी रेघ असलेला सात. सात डॉलर आले, आणि मला वाटलं, बरं झालं, गॅरेज मोकळं झालं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

तीन वर्षांनी ड्वेन तो शोधायला लागला. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो म्हणाला, "मर्लने नेला."

मर्ल म्हणजे माझा धाकटा दीर. न विचारता पाने-हातोडे न्यायची त्याला खोड होती, नाही असं नाही. ड्वेनने फोनवर त्याला चोर म्हटलं. आपण हातसुद्धा लावला नाही, असं मर्लने एकदाच सांगितलं आणि पुन्हा आमची पायरी चढला नाही. उद्या सांगू, परवा सांगू करता करता माझी जीभ जड होत गेली. थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना त्याची खुर्ची रिकामी दिसायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर खुशाल बटाटे कुस्करतोय! तसाच दुसरा कार्बोरेटर मिळाला तर हे प्रकरण आपोआप मिटेल, या आशेवर मी बाजारात हिंडत होते.

त्या शनिवारी ड्वेन एका टेबलाशी थांबला, कान खाजवला आणि म्हणाला, "बर्निस, भूक लागली गं."

ही आमची खूण. या बाजारात चेहरा फुलला की किंमत फुगते, म्हणून काही घबाड दिसलं की आम्हाला भूक लागते. टेबलामागे लाल टोपीवाला एक म्हातारा कुत्र्याला सँडविच भरवत होता. टेबलाखाली एका खोक्यात एक कार्बोरेटर पडला होता. ड्वेन गुडघ्यांवर बसला, शेजारी मीही बसले. त्याने चष्मा पुसला, नंबर वाचला, पुन्हा वाचला. बरोबर. मग अंगठ्याने मळ खरवडला आणि तारीख दिसली: ०३४९. एकोणसत्तर सालचा चौतिसावा दिवस, म्हणजे तीन फेब्रुवारी. ड्वेनचे कान टोमॅटोसारखे लाल झाले. त्याने खोक्याआड माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मलाही हसू आवरेना. बावीस वर्षं, अहो, बावीस वर्षं!

मग त्याने तो दुसऱ्या कुशीवर वळवला. मळाखाली काहीतरी गुलाबी होतं. मधे आडवी रेघ.

मी तो सात लगेच ओळखला. ड्वेनला मात्र तो कसलासा डाग वाटला. तडा तर नाही ना, हे बघायला त्याने खिशातून थिनरची बाटली काढली आणि फडक्यावर ओतली. नखांचा रंग तो, एका पुसण्यात जाणार. मी काही केलं नाही तरी चालणार होतं. ड्वेनला त्याचा कार्बोरेटर मिळाला असता, माझं पाप धुऊन निघालं असतं, आणि मर्ल मरेपर्यंत चोर राहिला असता.

फडकं टेकणार तेवढ्यात मी ड्वेनचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. तो सात माझा आहे."

"तुझा म्हणजे?"

"माझ्या नखांचा रंग, माझ्या आजीचा सात. अंगणातल्या विक्रीत मीच विकला हा. मर्लने हातसुद्धा लावला नव्हता, ड्वेन."

मी शिव्यांची वाट बघत होते. पण शेवटी वेडाच तो. आधी त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे हा आपलाच? तिच्याच अंगावरचा?" असं तो ओरडला, तेही विकणाऱ्याच्या तोंडावर! म्हाताऱ्याने शांतपणे सँडविच खाली ठेवलं आणि सांगितलं, की सकाळी याची किंमत चारशे होती, आता नऊशे आहे. ड्वेनने घासाघीस न करता पैसे काढून दिले.

राग आला तो ट्रकमध्ये बसल्यावर. कार्बोरेटर मांडीवर घेऊन तो मला पुष्कळ बोलला, आणि मी सगळं ऐकून घेतलं. मग त्याचा आवाजच बसला. "मी त्याला चोर म्हटलं," एवढंच तो पुटपुटला. त्याने फोन लावला. नंबर अजून तोंडपाठ होता. पलीकडून "हॅलो" आलं. तसा तो म्हणाला, "मर्ल, कार्बोरेटर सापडला. चूक माझी होती. पाने घेऊन येतोस का?"

आम्ही घरी पोहोचलो आणि तासाभरात मर्ल आला. दारातच मी रडत त्याला सगळं सांगितलं. तो कार्बोरेटर हातात घेऊन त्या साताकडे बघत होता. मग "वहिनी, भाव फारच कमी लावलात," म्हणाला आणि एकदम हसत सुटला. रडतही होता, मी पाहिलं.

जूनच्या प्रदर्शनात गाडी नव्या नवरीसारखी दिसत होती. परीक्षकाने टॉर्च मारून सगळं तपासलं आणि बोट ठेवलं: हा गुलाबी डाग कारखान्यातला नाही, पुसा, नाहीतर एक गुण जाईल. ड्वेन काही बोलणार, त्याआधी मर्ल पुढे झाला.

"पाहिजे तर दहा कापा साहेब, पण त्याला हात लावायचा नाही. मी चोर नाही याचा तेवढाच लेखी पुरावा आहे माझ्याकडे."

एक गुण गेला आणि पहिलं बक्षीस हुकलं. पेट्रोलने तो रंग विटतो, म्हणून दर वसंतात मर्ल गुलाबी बाटली घेऊन येतो आणि मी पुन्हा सात काढते. आडवी रेघ नीट आली का, ते तो वाकून बघतो.