मध्यरेषेजवळचा निळा तुकडा

मी एक जुना निळा तुकडा आहे. हसू नका, मित्रांनो! कबड्डीच्या मॅटचा तुकडा आहे मी, आणि तोही मध्यरेषेजवळचा. चढाई करणारीचं पहिलं पाऊल माझ्यावर पडतं, तेव्हा थोडा तोरा मला शोभतो.

कारखान्यातून निघालो तेव्हाच माझ्या चारही कडांना दात आणि खाचा होत्या. शेजाऱ्याचे दात माझ्या खाचांत अडकले, की आम्हा सगळ्यांचं मिळून एक मैदान होतं. एकटा तुकडा म्हणजे नुसतं बसकर. शहरातल्या मोठ्या क्रीडागृहात आम्ही कित्येक वर्षं खेळाडूंचे गुडघे सांभाळले. यास्मीन तिथंच खेळायची. बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याची ही पोर काळ्या मातीत पडत-झडत खेळ शिकली, राज्याच्या संघात गेली आणि खेळावरच नोकरीला लागली. क्रीडागृहात नवं मॅट आलं आणि आम्हाला अडगळीत टाकायचं ठरलं, तेव्हा ती आडवी आली. म्हणाली, हे मला द्या, माझ्या गावच्या पोरी अजून ढोपरं फोडून घेतात. मग स्वतः ट्रक करून तिनं आम्हाला गावी आणलं.

सुट्टी मिळाली की ती यायची आणि शाळेच्या पटांगणावर पोरींना फुकट शिकवायची. काय दिवस होते ते! अब्दुल गनींची अलीजा तर इतकी चपळ, की समोरच्यांना हात लावून ती कधी परत गेली ते मलाही कळायचं नाही. त्या पोरीवर माझा फार जीव.

मग सोयाबीन काढणीचे दिवस आले. यास्मीन स्पर्धेसाठी बाहेरगावी होती. खळ्यावर ढीग पडलेले आणि भरदुपारी आभाळ भरून आलं. ताडपत्र्या पुरेनात. कुणाला तरी आठवलं, की शाळेच्या खोलीत पाणी न शिरणारं काहीतरी पडलं आहे. झालं! सगळ्या गावानं आम्हाला वाटून घेतलं आणि आपापल्या सोयाबीनवर पांघरलं. पीक वाचलं, याचा मला आनंदच आहे. पण पाऊस गेल्यावर आम्हाला परत न्यायची आठवण कुणालाच राहिली नाही. कुणी वासराखाली गेला, कुणी चहाच्या टपरीवर बाकड्यावर चढला. मला तानुबाईंच्या लेकानं घरी नेलं.

तानुबाई म्हाताऱ्या, गुडघ्यांनी पार बेजार. गार फरशीवर त्यांना बसवत नव्हतं. माझ्यावर बसून त्या तूर निवडायच्या आणि लय बरं वाटते म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

इकडे पोरी उघड्या पटांगणावर खेळू लागल्या. अलीजा खड्यावर पडली आणि गुडघ्याला टाके पडले. जखम भरली, पण बापाच्या मनातली भीती काही जाईना. यास्मीन गावी परतताच अब्दुल गनींनी तिला सांगून टाकलं, "बेटा, मॅट पुरं झालं की पाठवतो. मातीवर आता माही पोरगी खेळणार नाही." आणि जिल्ह्याच्या संघाची निवड तर तोंडावर आलेली!

यास्मीन दारोदार फिरली. लोक ओशाळले, तुकडे धुऊन आणून देऊ लागले. सगळे जमले, एक मी सोडून. शेवटी ती आमच्या दारी आली. तिनं मला पाहिलं. माझ्यावर बसलेल्या तानुबाईंनाही पाहिलं. लहानपणी तिच्या फुटलेल्या ढोपरांवर याच बाईंनी हळद दाबली होती. ती चहा प्यायली, त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली आणि न मागताच निघून गेली. अगं, मी इथं आहे की! मला असा राग आला म्हणता! पण आज वाटतं, तिच्या जागी माझंही तोंड उघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची अलीजा तोंड पाडून आमच्या ओट्यावर येऊन बसली. तानुबाईंनी विचारलं, "काऊन वं, खेळाले नाही गेली?"

"एक तुकडा कमी हाय, आजी. अब्बा जाऊ देत नाही."

"कोणता तुकडा?"

अलीजाची नजर माझ्यावर गेली. तानुबाई भिंतीला धरून उठल्या, मला उलटवून पाहिलं, खाचांवरून बोट फिरवलं. खळ्यावर पडलेलं रबर आहे, एवढंच लेकानं त्यांना सांगितलं होतं.

"यास्मीन काल इथं चहा पिऊन गेली," त्या हळूच म्हणाल्या, "अन् मले एक शब्द नाही बोलली वं." पदरानं त्यांनी डोळे पुसले.

मग त्यांनी मला रिठ्याच्या पाण्यानं घासलं, डोक्यावर घेतलं आणि दुखऱ्या पायांनी पटांगणावर निघाल्या. अलीजा मला घ्यायला धावली, तर दिलं नाही. यास्मीननं मला माझ्या जागी ठेवून टाचेनं दाबलं. चारही बाजूंनी शेजारी भेटले, मित्रांनो, मला भरून आलं! अब्दुल गनी चपला काढून सगळ्या मॅटवर चालले, माझ्यावर जरा जास्तच जोरानं पाय दाबला आणि लेकीला म्हणाले, "जाय."

आता तानुबाई कशावर बसणार, ही काळजी पोरींना होतीच. त्यांनी आपले फाटके गुडघापट्टे एका खोळीत भरून मऊ उशी केली. खोळ शिवली यास्मीनच्या राज्य संघाच्या जर्सीची. रोज संध्याकाळी तानुबाई ती उशी घेऊन येतात आणि रेषेबाहेर बसून पोरींना ओरडतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी पडलं असेल, सगळ्यांसाठी आलेलं आणि एकाच्याच उपयोगी पडणारं. ते मागायला प्रेमाची माणसं लाजतात. तुम्हीच आठवणीनं परत द्या.

निवड उद्या आहे. बघा, अलीजा चढाईला निघाली. थांबा, मला शेजाऱ्यांना नीट घट्ट धरून बसू द्या.