दार दुरुस्तीला गेलंय

शिंप्याने खोली सोडावी म्हणून मालकाने गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिले, आणि शेवटी खोलीचं दारच काढून नेलं. "वाळवी लागलीये, दुरुस्तीला देतो," म्हणाला. वाळवी कसली डोंबलाची! जावयाला खोली हवी होती, आणि नाक दाबलं की तोंड उघडतं, असा त्याचा हिशेब होता.

शिंप्याचं तोंड काही उघडेना. मालकासमोर त्याची बोबडीच वळायची. त्याने अस्तराचं कापड जोडून चौकटीला पडदा शिवला, वर त्याला झालर लावायला बसला.

"दार गेलं आणि तुम्हाला झालर सुचतेय?" बायको म्हणाली. "उद्या घर गेलं तर मशीन कुठे मांडणार? डोक्यावर?"

घर जाण्याची भीती शिंप्यालाही होती. झोप उडाली होती बिचाऱ्याची. पण घाबरला की त्याला शिवणच सुचायचं, त्याला तो तरी काय करणार?

पडदा फळला तो मालकाच्या आईला. समोरच्या घरात तिच्याशी कुणी धड बोलत नसे. इथे दार नाही, म्हणजे कुणी 'या' म्हणायची गरज नाही. ती सकाळीच पडदा सारून यायची आणि मुलाच्या कागाळ्या सांगत जेवणवेळेपर्यंत ठाण मांडायची.

शेवटी बायकोने शिंप्याला दंडाला धरून भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या साहेबांपुढे नेलं. मालकही आला. वाळवी लागली म्हणून दार दुरुस्तीला नेलंय, असं त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा.

"साहेब, खोली माझी आणि हा मलाच आत घेत नाही. किती वेळा दार ठोठावलं, उघडतच नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "कुठलं दार?"

"खोलीचं."

"ते दुरुस्तीला नेलंय, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?"

मालक पंख्याकडे बघू लागला. शिंप्याला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात भीती कुठे गेली कोण जाणे. "साहेब," तो म्हणाला, "मी भाडं वेळेवर देतो. मला माझं दार पाहिजे."

साहेबांनी मालकाला बजावलं. दार ताबडतोब बसवायचं. हुकमाशिवाय भाडेकरूला हलवायचं नाही. आणि खोलीत जायचं तर आधी कळवून जायचं.

दार बसलं. शिंप्याने उगाचच कडी लावली, काढली, पुन्हा लावली. त्याचे डोळे भरून आले. म्हातारी मात्र येतच राहिली, आता बायको तिला दार उघडून आत घ्यायची.

एका दुपारी दारावर थाप पडली. शिंपी सवयीने दचकून उठू लागला. म्हातारीने हातानेच त्याला थांबवलं.

"कोण आहे?"

"आई, मी. जेवायला चल."

"आधी कळवलं होतंस?"

"नाही," मालक म्हणाला.

"मग कळव, आणि नंतर ये."

शिंपी परत खाली बसला.